रिफंड वेळेवर मिळवावा कसा आणि मिळाल्यावर लावावा कुठे

प्राप्तिकर विवरणपत्राच्या हंगामातला बराचसा मनस्ताप एकाच कारणाने होतो. आपल्याच उत्पन्नाची माहिती कंपनी, बँक, शेअर दलाल आणि प्राप्तिकर विभाग अशा चार ठिकाणी चार तऱ्हांनी नोंदलेली असते आणि ती जुळवून दाखवण्याचे काम शेवटी करदात्यालाच करावे लागते. हे जुळवणे ज्याने आधी केले त्याचा रिफंड बहुधा काही आठवड्यांत खात्यात येतो. ज्याने नंतरवर टाकले तो दिवाळीनंतरही प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर ‘स्टेटस’ पाहत बसतो. रिफंड हा आपल्याच उत्पन्नातून जास्तीचा कापला गेलेला पैसा असतो. म्हणून तो बोनस समजून उडवू नये आणि तो मिळवण्यासाठी आकड्यांशी खेळही करू नये.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला असला तरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे. त्यामुळे पुढे आलेली कलमे आणि फॉर्मचे क्रमांक त्या जुन्या कायद्यातले आहेत.

पहिली पायरी: कागद जुळवणे

एप्रिल-मे महिन्यांत विवरणपत्र भरण्याची घाई करू नये. जानेवारी ते मार्च या तिमाहीत कापलेल्या कराचे विवरण कंपन्यांना आणि बँकांना ३१ मेपर्यंत द्यायचे असते आणि कर्मचाऱ्याला फॉर्म १६, म्हणजे वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर यांचे प्रमाणपत्र, देण्याची मुदत १५ जून असते. त्याआधी पोर्टलवर दिसणारे आकडे अर्धवट असतात आणि त्यांवर विसंबून भरलेले विवरणपत्र पुढे दुरुस्त करत बसावे लागते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात कागद जुळवायला बसावे आणि जुलैच्या मध्यापर्यंत काम हातावेगळे करावे, हे वेळापत्रक सर्वांत सोयीचे ठरते. पगारदारांसाठी ३१ जुलै ही नेहमीची मुदत असते. २०२५ मध्ये ती आधी १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग आणखी एका दिवसाने वाढवण्यात आली. पण अशी वाढ दरवर्षी मिळेल हा भरवसा महागात पडू शकतो.

जुळवायला तीन कागद पुरतात: फॉर्म १६, फॉर्म २६ एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. शेवटचे दोन पोर्टलवरूनच उतरवता येतात. २६ एएसमध्ये आपल्या पॅनवर प्रत्यक्ष जमा झालेला कर दिसतो, तर एआयएसमध्ये बचत खात्यावरच्या व्याजापासून म्युच्युअल फंडाच्या विक्रीपर्यंत विभागाला आपल्याविषयी जे जे कळलेले आहे ते दिसते. बचत खात्याचे तीन-चार हजार रुपयांचे व्याज दाखवायला लोक विसरतात. विभागाकडे मात्र ते नोंदलेले असते आणि तेवढ्या फरकावरूनही हिशेब बदलून येतो. एआयएसमधली एखादी नोंद आपली नसेल किंवा दोनदा आली असेल, तर त्याच नोंदीसमोर हरकत नोंदवण्याची सोय आहे आणि ती विवरणपत्र भरण्यापूर्वी वापरावी.

खरी डोकेदुखी असते ती कापलेला कर २६ एएसमध्ये न दिसण्याची. कंपनीने पगारातून कर कापला, पावतीवर तो दिसतो, पण तो भरलाच नाही किंवा भरताना पॅनचा एखादा अंक चुकवला, असे छोट्या आस्थापनांत सर्रास घडते. कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे एकदा कापलेला कर करदात्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. पण नोंद नसेल तर त्याचा रिफंडही मिळत नाही. म्हणून जूनमध्येच कंपनीच्या हिशेब विभागाला लेखी कळवावे, टीडीएसचे, म्हणजे कापलेल्या कराचे, दुरुस्ती विवरण भरायला सांगावे आणि बाराही महिन्यांच्या पगारपावत्या जपून ठेवाव्यात. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अनेक महाविद्यालये त्यांच्या मानधनातून व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के कर कापतात. तसे असेल तर २६ एएसमध्ये कलम १९४ जे दिसते आणि पगारदारांचा साधा आयटीआर-१ त्यांना चालत नाही. अशा वेळी सीएची फी देणे परवडते.

याच जुळवणीत एक विसरलेला पैसा हाती लागतो. दहा लाखांहून अधिक किमतीची गाडी घेतली असेल तर विक्रेत्याने बिलात १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळी गोळा केलेला कर, लावलेला असतो. बारा लाखांच्या गाडीवर तो १२ हजार रुपये होतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवरही असाच कर गोळा केला जातो. हा खर्च नसून आगाऊ भरलेला कर असतो आणि तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. बिल कपाटात आणि बारा हजार सरकारजमा, अशी अवस्था असलेली घरे थोडीथोडकी नाहीत.

दुसरी पायरी: कोणती पद्धत

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर घरभाडे, गृहकर्ज अशा सवलती देणाऱ्या जुन्या पद्धतीचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. शेअर विक्रीतल्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला मात्र ही सवलत लागू नाही. पगार १२ लाख ७५ हजारांहून अधिक, गृहकर्जाचे मोठे व्याज आणि भरपूर घरभाडे अशी परिस्थिती असेल तर दोन्ही हिशेब पोर्टलवरच करून पाहावेत. कंपनीला भाडेपावत्या द्यायच्या राहिल्या असतील तरी जुनी पद्धत निवडून विवरणपत्रात घरभाडे भत्त्याची सूट मागता येते. या वर्षासाठी मुंबईत तिची मर्यादा मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के, तर पुण्यात ४० टक्के आहे. जुनी पद्धत निवडायची तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. उशीर झाला की तो पर्याय बंद होतो.

तिसरी पायरी: खाते आणि नाव

रिफंड अडकण्याची जी कारणे आहेत त्यांत सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत चीड आणणारे कारण हेच. रिफंड फक्त पोर्टलवर आधीच नोंदवून पूर्वप्रमाणित केलेल्या बँक खात्यातच जमा होतो आणि त्या खात्यावरचे नाव पॅनवरच्या नावाशी जुळावे लागते. आपल्याकडे नाव, मधले नाव आणि आडनाव असा क्रम असतो आणि मधल्या नावात कुठे वडील, कुठे पती असतात. पॅन लग्नाआधी काढलेले, त्यावर माहेरचे नाव; खाते लग्नानंतर उघडलेले, त्यावर सासरचे नाव; आधारवर आणखी तिसरेच काहीतरी. अशा स्थितीत प्रमाणीकरण नाकारले जाते आणि रिफंड मंजूर होऊनही परत जातो. आधी आधार दुरुस्त करावे, त्यानुसार पॅन दुरुस्त करून घ्यावे आणि मग बँकेत केवायसी द्यावे. हे सारे जुलैत करायला गेल्यास मुदत हुकते, म्हणून त्यासाठी हिवाळ्यातले महिने वापरावेत.

पॅन आधारशी जोडलेले नसेल तर ते निष्क्रिय ठरते. मग रिफंड दिला जात नाही आणि त्या काळाचे व्याजही बुडते. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) बदललेली जुनी खाती हीसुद्धा एक नेहमीची अडचण आहे. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट आणि कॉर्पोरेशन बँकांचे विलीनीकरण २०२० मध्ये झाले, पण पोर्टलवर जुनाच तपशील राहून गेलेला असू शकतो. पतसंस्थेतले खाते रिफंडसाठी उपयोगाचे नाही आणि रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आलेल्या सहकारी बँकेत जमा झालेला पैसा हाती येईलच असे नाही. दोन खाती प्रमाणित करून ठेवावीत आणि त्यांतले एक तरी मोठ्या बँकेतले असावे.

चौथी पायरी: भरणे आणि पडताळणी करणे

विवरणपत्र सादर केले म्हणजे काम संपले, असे वाटणे साहजिक आहे. परंतु सादर केल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी झाली नाही तर ते वेळेवर भरलेले मानले जात नाही. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने हे काम दोन मिनिटांत होते. मोबाइल क्रमांक बदललेला असेल तर नेट बँकिंगचा मार्ग आहे, आणि तोही नसेल तर आयटीआर-व्ही या पावतीवर सही करून ती बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला टपालाने पाठवता येते. ज्येष्ठांच्या बाबतीत बहुधा इथेच गाडी अडते. घरातल्या कुणीतरी विवरणपत्र भरून दिलेले असते, पण ओटीपी जातो तो बंद पडलेल्या जुन्या क्रमांकावर.

उशिराची किंमत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका निवृत्त शिक्षिकेचे वर्षाचे निवृत्तिवेतन ४ लाख २० हजार आणि ठेवींचे व्याज १ लाख २६ हजार आहे. ज्येष्ठांसाठी १ लाखाची मर्यादा ओलांडल्याने बँकेने व्याजावर १० टक्के, म्हणजे १२,६०० रुपये कापले. प्रमाणित वजावटीनंतर त्यांचे उत्पन्न ४ लाख ७१ हजार राहते आणि नव्या पद्धतीत कर शून्य होतो, म्हणजे संपूर्ण १२,६०० परत मिळायला हवेत. त्यांनी जुलैत विवरणपत्र भरले आणि रिफंड सप्टेंबरमध्ये आला, तर एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का या दराने ३७८ रुपये व्याज मिळते. त्यांनीच डिसेंबरमध्ये भरले तर व्याज भरल्या तारखेपासूनच धरले जाते आणि शिवाय १ हजार रुपये विलंब शुल्क पडते. उत्पन्न ५ लाखांच्या वर असते तर हे शुल्क ५ हजार झाले असते. ३१ डिसेंबरही हुकली तर गोष्ट अवघड होते, कारण त्यानंतर उपलब्ध असणाऱ्या ‘अपडेटेड’ विवरणपत्रात रिफंड मागताच येत नाही आणि विलंब माफ करण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो.

पाचवी पायरी: वाट पाहण्याच्या काळात

प्रक्रिया पूर्ण झाली की कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. ती उघडायचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. आत दोन रकाने असतात: एकात आपण दिलेले आकडे, दुसऱ्यात विभागाने काढलेले. शेवटची रक्कम तेवढी पाहून फाइल बंद करू नये. दोन्ही रकाने ओळीने ताडून पाहावेत आणि जिथे फरक पडला ती ओळ शोधावी. फरक विभागाच्या बाजूचा असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज पोर्टलवरच करता येतो. आपली चूक असेल तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरावे. विवरणपत्र सदोष ठरवणारी कलम १३९(९) ची नोटीस आली तर उत्तरासाठी साधारण १५ दिवस मिळतात.

काही वेळा रिफंड मंजूर होतो, पण विभागाच्या जुन्या थकीत मागणीत तो वळता करण्याचा प्रस्ताव येतो. दहा-बारा वर्षांपूर्वीची, कधीच न कळलेली मागणी अशी अचानक उगवते. उत्तर देण्यासाठी २१ दिवस असतात आणि उत्तर दिलेच नाही तर रक्कम वळती केली जाते, म्हणून संदेश दिसताच ‘असहमत’ हा पर्याय निवडून कारण आणि कर भरल्याचे चलन जोडावे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा झाली होती. आपली मागणी त्यात बसते का हेही तपासावे. खात्याच्या चुकीमुळे रिफंड परत गेला असेल तर खाते दुरुस्त करून ‘रिफंड री-इश्यू’ची विनंती करावी लागते. ती आपोआप होत नाही.

प्रक्रिया पूर्ण करण्यासाठी विभागाला विवरणपत्र भरलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून नऊ महिने असतात. त्यामुळे ऑगस्टमध्येच तक्रारींचा भडिमार करून काही साधत नाही; तीन-चार महिने उलटल्यावर पोर्टलवरच्या ई-निवारण या तक्रार सुविधेत एकच, मुद्देसूद तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा.

एक इशारा इथेच देणे भाग आहे. ‘तुमचा रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के आमचे’ असे सांगणारे एजंट कंपन्यांच्या वसाहतींतून आणि व्हॉट्सॲप गटांतून फिरत असतात. न दिलेल्या देणग्या, नसलेले घरभाडे आणि नसलेले आजार दाखवून ते विवरणपत्रे भरतात. १४ जुलै २०२५ रोजी अशा बनावट दाव्यांविरुद्ध प्राप्तिकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी तपास केला. विवरणपत्रावर सही आपली असते. एजंट पुढच्या वर्षी फोन उचलत नाही आणि चुकीची माहिती देऊन चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंतचा दंड आपल्या नावाने निघतो. तसेच ‘रिफंड मंजूर झाला आहे, लिंक उघडून खाते क्रमांक द्या’ असा संदेश आला तर तो पुसून टाकावा. विभाग पिन किंवा पासवर्ड विचारत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

सहावी पायरी: आलेला पैसा

रिफंड खात्यात आला तरी १४३(१) ची सूचना वाचेपर्यंत त्याला हात लावू नये, कारण जास्तीची रक्कम चुकून आली असेल तर ती व्याजासह परत जाते. त्यासोबत आलेले व्याज वेगळे लिहून ठेवावे. ते करपात्र असते आणि पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवायचे असते. विवरणपत्रात चूक शोधायची झाल्यास बहुतेकांच्या बाबतीत ही एक नोंद हमखास गाळलेली सापडेल.

त्यानंतर पहिला हक्क क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा. कार्डावर ४० हजार रुपये थकलेले असतील आणि दर महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२ रुपये मिळून १,६५२ रुपये जातात, आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. एवढा परतावा निश्चितपणे देणारी कोणतीही गुंतवणूक बाजारात नाही. कार्डाचे बिल भागवणे कंटाळवाणे वाटते हे खरे, पण ज्या घरात थकबाकी आहे तिथे रिफंडमधून म्युच्युअल फंड घेणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखे आहे.

थकबाकी नसेल तर अडीअडचणीचा निधी पाहावा. तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशा ठेवीत नसेल तर रिफंड तिथेच टाकावा. निधी पुरेसा असेल तर आरोग्य विम्याचा विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. कंपनीचा गट विमा नोकरीसोबत संपतो आणि वय वाढल्यावर नवीन पॉलिसी मिळणे कठीण जाते, म्हणून चाळिशीच्या आत घेतलेली स्वतःची पॉलिसी ही रिफंडची फार चांगली सोय आहे.

गृहकर्ज असलेल्यांसाठी हिशेब वेगळा आहे. ३० लाखांचे, ८.५ टक्क्यांचे, २० वर्षांचे कर्ज असेल तर हप्ता सुमारे २६ हजार येतो. पहिल्या वर्षाअखेरीस ५० हजार रुपये मुदतपूर्व भरले आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला सांगितली, तर शेवटचे नऊ हप्ते वाचतात. तरंगत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. मात्र ‘हप्ता कमी करा’ असा पर्याय बँकेने आपणहून लावला नाही ना, हे नव्या वेळापत्रकात पाहावे. कर्जाची शेवटची चार-पाच वर्षे उरली असतील तर हाच पैसा तिथे फारसे काम करत नाही, कारण व्याजाचा मोठा भाग आधीच भरून झालेला असतो.

यातले काहीच लागू नसेल तर गुंतवणूक करावी. पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) भरायचे असेल तर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरावे, कारण व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरले जाते. वर्षाची मर्यादा दीड लाख रुपये आहे. रिफंड साधारण गणपती ते दिवाळीच्या दरम्यान हाती येतो आणि पावले सराफाकडे वळतात. सोने घ्यायला हरकत नाही, पण दागिन्यावर घडणावळ आणि जीएसटी जातो आणि विकताना यांतले काहीच परत मिळत नाही, म्हणून दागिना हौसेच्या खात्यात मांडावा. हौसेला एकूण रकमेचा दहावा-पाचवा हिस्सा आधीच ठरवून द्यावा; त्यामुळे बाकीचे पैसे वाचतात आणि घरात वादही होत नाही.

सातवी पायरी: पुढच्या वर्षी रिफंड कमी करणे

मोठा रिफंड हे चांगल्या नियोजनाचे लक्षण मानले जाते, ते मला पटत नाही. ६० हजारांचा रिफंड म्हणजे दरमहा ५ हजार रुपये वर्षभर आपल्या हाती नव्हते, आणि ते वापरून तेच कार्डाचे बिल वेळेवर भागले असते. एप्रिलमध्ये कंपनी करपद्धत विचारते तेव्हा गेल्या वर्षीचाच पर्याय डोळे झाकून देऊ नये. घरभाडे आणि गुंतवणुकीचे पुरावे डिसेंबर-जानेवारीत मागितले जातात तेव्हाच द्यावेत. बँकेने व्याजावर किंवा विक्रेत्याने गाडीवर घेतलेला कर कंपनीला कळवला तर ती तेवढा कमी कर पगारातून कापते. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे आणि अनेक कर्मचाऱ्यांना तिचा पत्ताच नाही.

वर उल्लेख केलेल्या शिक्षिकेने वर्षाच्या सुरुवातीला बँकेत जुन्या कायद्यातला फॉर्म १५ एच, म्हणजे आपल्याला कर लागत नसल्याचे ज्येष्ठांचे घोषणापत्र, दिला असता तर १२,६०० रुपये कापलेच गेले नसते. असे घोषणापत्र दरवर्षी नव्याने आणि ठेवी असलेल्या प्रत्येक बँकेत स्वतंत्रपणे द्यावे लागते, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाने इथला फ्लॅट विकायला काढला असेल तर रक्कम बरीच मोठी असते, कारण खरेदीदाराला केवळ नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर कर कापावा लागतो. अशा वेळी कमी कपातीचे प्रमाणपत्र व्यवहार नोंदवण्याआधी काढावे. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून विसार घेतल्याच्या दिवशीच सीएकडे कागद द्यावेत आणि करारनाम्यात प्रमाणपत्र मिळेपर्यंतचा अवधी मागून घ्यावा.